व्यवसायांतर आणि अल्पावधीच्या संकेतशाळा : बेडफर्ड १९४२ ते सॅन फ्रॅन्सिस्को २०१२

१. विषयप्रवेश

एका व्यवसायात किंवा एका अभ्यासशाखेत स्थिरावलेल्या मनुष्याने काही आठवडे वा काही महिने कसून अध्ययन करावे आणि तेवढ्या बळावर सर्वस्वी निराळ्या व्यवसायात प्रवेश मिळवावा, ही गोष्ट आजच्या पिढीस अपरिचित राहिलेली नाही. संगणकाची आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण अशा रीतीने देणाऱ्या संस्था अमेरिकेत २०१२ च्या सुमारास पुढे आल्या. तेथे त्यांना 'कोडिंग बूट कॅम्प' असे नाव पडले. प्रस्तुत लेखात त्यांस 'संकेतशाळा' असे म्हटले आहे.

गेल्या वर्षी आमच्या विभागातील एम्. ए. च्या एका विद्यार्थिनीने अशाच एका वर्गाची जाहिरात प्रस्तुत लेखकापुढे ठेविली. शंभरांतील नव्वदांहून अधिक विद्यार्थ्यांस नोकरी लागते असे तीत ठळक अक्षरांत छापिले होते. पदवी अर्धवट सोडून त्या वर्गास जावे, असे तिच्या मनात होते. "सर, हे खरे असेल का?" एवढाच तिचा प्रश्न होता. त्या वेळी तिला नीटसे उत्तर देता आले नाही. तो प्रश्न मनात राहिला आणि त्याचा मागोवा घेता घेता जे हाती आले, ते येथे मांडिले आहे.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. तेव्हा आज्ञावलीची विद्या कशी शिकवावी, याविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न इतिहासाचा आहे. अल्पावधीत मनुष्यास नवा व्यवसाय शिकविण्याचे प्रयोग गेल्या ऐंशी वर्षांत अनेक झाले. त्यांतील काही विलक्षण यशस्वी झाले, काही फसले. यशापयशाचे कारण शिक्षणाच्या तीव्रतेत किंवा पद्धतीत शोधण्याची प्रथा आहे. ते कारण अन्यत्र आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. शब्दविचार

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. 'कोड' हा शब्द लॅटिन 'कोडेक्स' यापासून निघाला. त्याचा मूळ अर्थ झाडाचे खोड असा. पुढे लाकडी पाट्यांची जुडी, तीवरून ग्रंथ, ग्रंथावरून कायद्याची संहिता आणि तीवरून ठराविक चिन्हांची व्यवस्था, असा त्याचा अर्थ सरकत गेला. तारायंत्राच्या काळात तो खुणांच्या भाषेस लागू झाला आणि विसाव्या शतकाच्या मध्यास यंत्रास द्यावयाच्या आज्ञांस. मराठीत आपण त्यास 'संकेत' म्हणतो. न्यायशास्त्रात शब्द आणि अर्थ यांचा संबंध ज्यायोगे ठरतो तो संकेत होय. प्रेमिकांनी भेटण्यासाठी ठरविलेली जागा ते संकेतस्थळ, हा साहित्यशास्त्रातील अर्थ तर आज जवळजवळ लोपला आहे. ह्या सर्व अर्थांत एक धागा समान दिसतो: दोन पक्षांनी आगाऊ काहीतरी ठरविलेले असते. पुढील विवेचनात हा धागा उपयोगी पडेल.

'कोडिंग' ह्या शब्दाची प्रतिष्ठाही कालपरत्वे बदललेली आहे. गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी १९४७-४८ मध्ये संगणकावर गणिते मांडण्यासंबंधी जे अहवाल लिहिले, त्यांत योजना करणे आणि संकेत लिहिणे ही दोन कामे वेगळी धरली आहेत. योजना हे गणितज्ञाचे काम आणि संकेतलेखन हे त्यामागून येणारे, बरेचसे कारकुनी स्वरूपाचे काम, अशी तेव्हाची समजूत होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील 'एनिॲक' ह्या यंत्रावर प्रथम आज्ञा मांडणाऱ्या सहा स्त्रिया १९४५ मध्ये हिशेबनीस म्हणून कामास होत्या. त्यांचे काम किती अवघड होते, याची जाणीव पुष्कळ उशिरा झाली. जे काम एकेकाळी कारकुनी मानले गेले, त्याच्याच शिक्षणासाठी पुढे पदवीधर माणसे वर्षभराची कमाई ओतू लागली.

'बूट कॅम्प' हा शब्द अमेरिकी आरमाराचा. तेथे नवशिक्या रंगरुटास 'बूट' म्हणत आणि त्याच्या कवायतीची छावणी ती 'बूट कॅम्प'. रंगरूट छावणीत जातो तेव्हा त्याची भरती झालेली असते आणि त्याचे वेतनही सुरू झालेले असते. हा शब्द संगणकाच्या वर्गांकडे आला तेव्हा कवायत तेवढी आली, भरती आली नाही.

३. बेडफर्डची जपानी शाळा

अल्पावधीच्या सघन शिक्षणाचे एक उत्तम उदाहरण आपल्याच शास्त्राच्या शेजारी सापडते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, तेव्हा ब्रिटनमध्ये जपानी भाषा जाणणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ब्लेचली पार्क येथे शत्रूच्या सांकेतिक संदेशांची उकल करणाऱ्या केंद्रास अशा माणसांची तातडीने गरज भासू लागली. जपानी शिकण्यास कित्येक वर्षे लागतात, असे जाणत्यांचे मत होते. केंद्रातील ज्येष्ठ अधिकारी जॉन टिल्टमन याने ते मत बाजूस सारून सहा महिन्यांच्या वर्गाचा घाट घातला.

फेब्रुवारी १९४२ मध्ये बेडफर्ड ह्या जवळच्या गावी, गॅस कंपनीच्या विक्रीदालनाच्या वरच्या मजल्यावर, हा वर्ग सुरू झाला. शिक्षक होता आरमारातून निवृत्त झालेला कॅप्टन ऑस्वल्ड टक. त्याचा जन्म १८७६ चा, म्हणजे तो तेव्हा पासष्ट वर्षांचा होता. पूर्वेकडील समुद्रात आरमारी सेवेत असता तो जपानी शिकला होता. पहिल्या तुकडीत वीसेक विद्यार्थी होते आणि त्यांतील बहुतेक ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे ग्रीक-लॅटिनचा अभ्यास करणारे तरुण होते. पाठ्यपुस्तके अपुरी होती. कोशांच्या प्रतीही तुटपुंज्या होत्या.

तरीही वर्ग यशस्वी झाला. १९४५ पर्यंत एकामागून एक अकरा तुकड्या निघाल्या आणि दोनशेंहून अधिक विद्यार्थी तयार झाले. त्यांतील काही ब्लेचलीस राहिले. काहींची रवानगी दिल्लीस झाली. तेथे आनंद पर्वतावर 'वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर' ह्या नावाचे केंद्र होते आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील जपानी संदेश तेथे वाचले जात. पुढे ऑक्सफर्ड येथे ग्रीकचा प्राध्यापक झालेला ह्यू लॉइड-जोन्स हा ह्याच शाळेचा विद्यार्थी. एरिक सीडल याने तर व्यवसायच बदलिला. ग्रीक-लॅटिन सोडून तो १९४७ मध्ये केंब्रिज येथे जपानीचा अध्यापक झाला आणि त्या विद्यापीठातील जपानीच्या अभ्यासाचा पाया त्याने घातला.

ह्या यशाचे श्रेय ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासास देण्याचा मोह होतो. भाषेच्या अभ्यासकास असे काही ऐकावयास गोडही वाटते. त्रोटक पुराव्यावरून अर्थ जुळविण्याची सवय ह्या विद्यार्थ्यांस होती, हे खरे आहे. जॉन चॅडविक याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. युद्धकाळात तो ब्लेचली येथे जपानी शिकला व संदेश वाचू लागला आणि पुढे १९५२ नंतर मायकेल व्हेंट्रिस याच्यासह त्याने 'लिनियर बी' लिपीच्या वाचनास भाषिक आधार दिला. तथापि ह्या तरुणांची निवड दोन विद्यापीठांतील अध्यापकांनी पारखून केली होती, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. निवडलेल्यांच्या यशावरून न निवडलेल्यांविषयी अनुमान काढता येत नाही.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने शाळेची तीन लक्षणे महत्त्वाची आहेत. पहिले असे की, येथे जपानी भाषा समग्र शिकविली जात नसे. विद्यार्थ्यास जपानी बोलावयाचे नव्हते, कविता वाचावयाची नव्हती. लष्करी संदेशांत आढळणारी लिखित भाषा तेवढी त्यास वाचता यावी, इतकाच हेतू होता. साध्य अरुंद होते, म्हणून मुदत आखूड होऊ शकली. दुसरे असे की, शिकणाऱ्याचा चरितार्थ त्या काळात चालू होता. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण असे की, शाळा काढणारा आणि शिकलेल्या माणसास कामास लावणारा हे दोघे एकाच घरचे होते. विद्यार्थी कच्चा राहिला तर त्याचा तोटा शाळेच्या मालकासच होणार होता आणि तो आठवड्याभरात दिसूनही येणार होता. म्हणून शाळेस आपल्या यशाची टक्केवारी छापण्याचे कारण पडले नाही.

४. पुण्यातील उन्हाळी वर्ग

युद्धकाळात असेच प्रयोग अमेरिकेतही झाले. तेथील विद्वत्‌संस्थांच्या परिषदेने १९४१ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने सघन भाषाशिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. लेनर्ड ब्लूमफील्डने परकीय भाषांच्या अभ्यासासाठी लिहिलेली छोटी मार्गदर्शिका १९४२ ची. १९४३ मध्ये सैन्याने अनेक विद्यापीठांत हजारो सैनिकांस अशा वर्गांत बसविले. एक भाषाशास्त्रज्ञ आणि एक मातृभाषिक निवेदक ह्या जोडीने शिकवावयाचे, ही पद्धती त्यांतून रूढ झाली.

ह्या धाग्याचे दुसरे टोक पुण्यात आहे. डेक्कन कॉलेजमध्ये डॉ. सु. मं. कात्रे यांच्या संचालकत्वाखाली १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानाच्याच साहाय्याने भाषाशास्त्राचे अल्पावधीचे वर्ग भरू लागले. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ तेथे शिकविण्यास आले. संस्कृत, हिंदी, तमिळ, मराठी यांचे अध्यापक त्या वर्गांस बसले आणि काही आठवड्यांत वर्णनात्मक भाषाशास्त्राची परिभाषा व पद्धती शिकून आपापल्या विद्यापीठांत परतले. आपल्या देशातील अनेक भाषाशास्त्रविभागांची पहिली पिढी अशा वर्गांतून घडली. साहित्याचे वा व्याकरणाचे अध्यापक भाषाशास्त्रज्ञ झाले, हेही व्यवसायांतरच होय. तेव्हा अल्पावधीच्या शिक्षणास उथळ म्हणून हिणविण्याचा अधिकार निदान आपल्या विभागास तरी नाही.

परंतु येथेही बेडफर्डचे लक्षण आढळते. आलेले पुष्कळसे अध्यापक आपली जागा राखून आले होते. परतल्यावर त्यांच्यापुढे वर्ग होता, विद्यार्थी होते, सर्वेक्षणाची कामे होती. शिकलेल्या विद्येस काम आगाऊ ठरलेले होते.

५. चहाची दुकाने आणि हवाई संरक्षण

आता यंत्राकडे वळू. व्यापारी कामासाठी संगणक प्रथम वापरला तो लंडनच्या जे. लायन्स ह्या कंपनीने. चहाची दुकाने आणि पाव-केक यांचा कारखाना हा तिचा धंदा. तिने 'लिओ' नावाचे यंत्र स्वतः बांधिले आणि नोव्हेंबर १९५१ पासून बेकरीच्या मालाचे हिशेब त्यावर होऊ लागले. आज्ञावली लिहिणारी माणसे बाजारात नव्हतीच. कंपनीने आपल्याच कचेऱ्यांतील माणसांसाठी छोटे वर्ग काढिले. दिवसा व्याख्याने, रात्री घरी सोडवावयाची उदाहरणे, असा त्यांचा क्रम असे आणि त्यांतून योग्य वाटतील ती माणसे निवडली जात. मेरी कूम्ब्स ही फ्रेंच विषयाची पदवीधर १९५२ मध्ये कंपनीत कारकुनी कामावर आली होती. ती अशा वर्गास बसली, निवडली गेली आणि व्यापारी संगणकावर आज्ञावली लिहिणारी पहिली स्त्री ठरली. वर्गात जे निवडले गेले नाहीत, ते आपल्या मूळ टेबलाशी परत गेले. त्यांचे फार तर काही दिवस खर्ची पडले.

याहून मोठ्या प्रमाणावरील प्रयोग अमेरिकेत झाला. हवाई हल्ल्यांपासून संरक्षणासाठी उभारलेल्या 'सेज' ह्या संगणकव्यवस्थेची आज्ञावली लिहिण्याचे काम प्रथम रँड संस्थेकडे आणि १९५७ पासून तिच्यातून वेगळी निघालेल्या सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनकडे होते. हवी तितकी माणसे देशात उपलब्ध नसल्यामुळे संस्थेने कसोट्या लावून निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे निवडली आणि त्यांस काही आठवड्यांच्या वर्गांत तयार केले. पुढे त्यांतील पुष्कळजण खासगी उद्योगांत गेले आणि ही संस्था त्या व्यवसायाची जणू पाठशाळाच बनली. संगणकाच्या व्यवसायात पदवीवाचून प्रवेश करण्याची परंपरा अशी जुनी आहे. २०१२ च्या संकेतशाळांनी ती निर्माण केली नाही. त्यांनी तिची मांडणी बदलिली.

६. २०१२ आणि नंतर

ती मांडणी कशी बदलली, ते पाहू. २०१२ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे शरीफ बिशाय याने 'डेव्ह बूटकॅम्प' ही शाळा काढिली. त्याच वर्षी तेथे हॅकब्राइट अकॅडमी व ॲप अकॅडमी आणि न्यूयॉर्क येथे फ्लॅटायरन स्कूल ह्या संस्था निघाल्या. काळ अनुकूल होता. २००८ च्या आर्थिक मंदीने अनेक सुशिक्षितांचे व्यवसाय डळमळीत केले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रुबी ऑन रेल्स' सारख्या साधनांमुळे एकटादुकटा मनुष्य थोड्या अवधीत उपयुक्त काम उभे करू शकत होता. नव्या कंपन्यांस भांडवल मिळत होते आणि माणसे हवी होती. सुमारे नऊ आठवड्यांचा दिवसरात्र चालणारा वर्ग, दहा हजार डॉलरांहून अधिक शुल्क आणि शेवटी कंपन्यांपुढे आपले काम मांडण्याचा दिवस, असे ह्या शाळांचे स्थूल स्वरूप होते.

आरंभीच्या तुकड्यांतील पुष्कळांस खरोखरच चांगल्या नोकऱ्या लागल्या, हे निःसंशय. अरुंद साध्य, पारखून प्रवेश आणि कसून सराव, ही बेडफर्डची पहिली लक्षणे येथेही होती. नव्हते ते शेवटचे लक्षण. शाळा एका घरची आणि काम देणारा दुसऱ्या घरचा झाला. शिकणारा मनुष्य पहिली नोकरी सोडून, स्वतःचे पैसे भरून, दोहोंच्या मध्ये उभा राहिला. बाजार तेजीत असेतो हे अंतर जाणवले नाही. वर्ग वाढले, प्रवेश सैल झाले. जानेवारी २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या खासगी शिक्षणविषयक खात्याने परवान्यावाचून चालणाऱ्या अनेक शाळांस नोटिसा बजाविल्या. त्याच वर्षी डेव्ह बूटकॅम्प ही कॅप्लन ह्या कंपनीने विकत घेतली आणि २०१७ च्या अखेरीस ती बंद पडली. तिच्याप्रमाणेच 'आयर्न यार्ड' ही अनेक शहरांतील शाळाही २०१७ मध्ये मिटली.

हे अंतर भरून काढण्याचा एक उपाय निघाला, तो तत्त्वतः न्याय्य होता. नोकरी लागल्यावर वेतनातून शुल्क घ्यावयाचे, म्हणजे जोखमीत शाळाही भागीदार होते. २०१७ मध्ये निघालेल्या लॅम्डा स्कूलने हा मार्ग प्रसिद्धीस आणिला. पदवीधरास वर्षाला ५०,००० डॉलर वा अधिक मिळू लागले की त्याने दोन वर्षे उत्पन्नाचे १७ टक्के द्यावयाचे, कमाल मर्यादा ३०,००० डॉलर. परंतु अमेरिकेच्या ग्राहक वित्तसंरक्षण विभागाने एप्रिल २०२४ मध्ये ह्या संस्थेविरुद्ध जो आदेश काढिला, त्यात असे नमूद आहे की, हे करार म्हणजे कर्जच असून तसे विद्यार्थ्यांस सांगितले गेले नाही आणि संस्थेने असे अनेक करार गुंतवणूकदारांस विकून टाकिले होते. विद्यार्थ्यास पैसे मिळतील तेव्हाच शाळेस मिळतील, हे वचन त्यामुळे फोल ठरले. शाळा जोखमीत भागीदार झाली खरी, पण आपला भाग तिने बाजारात विकला.

७. एका शब्दाचा अर्थ

येथे भाषेच्या अभ्यासकास विशेष लक्ष घालण्याजोगी गोष्ट घडलेली दिसते. शाळा आणि काम यांत अंतर पडले, तेव्हा ते बुजविण्यासाठी एक आकडा पुढे आला: इतक्या टक्क्यांस नोकरी लागली. आकडा निश्चित दिसतो. पण त्याच्या पोटात तीन शब्द असतात आणि त्या तिन्हींचा संकेत शाळेने एकतर्फी ठरविलेला असतो. 'विद्यार्थी' म्हणजे प्रवेश घेतलेले सर्व, की वर्ग पुरा केलेले, की त्यानंतर नोकरी शोधत असल्याचे कळविणारे? 'नोकरी' म्हणजे कायम पूर्णवेळ काम, की काही आठवड्यांचे कंत्राट, उमेदवारी, किंवा त्याच शाळेतील साहाय्यकाची जागा? 'लागली' म्हणजे किती महिन्यांच्या आत?

ही शंका केवळ तात्त्विक नाही. फ्लॅटायरन स्कूलने ९८.५ टक्के विद्यार्थ्यांस नोकरी आणि सरासरी ७४,४४७ डॉलर वेतन असे जाहीर केले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याने ह्या संस्थेशी ३,७५,००० डॉलरांची तडजोड केली. परवान्याविना शाळा चालविणे हा एक आक्षेप होता. दुसरा ह्या आकड्यांविषयी होता. पहिल्या आकड्यात उमेदवार, कंत्राटी व स्वतंत्रपणे काम करणारे मोजले होते. वेतनाच्या सरासरीत मात्र पूर्णवेळ पगारी नोकरी मिळालेलेच धरले होते. दोन्ही आकडे शेजारी छापिले होते आणि ते एकाच समूहाचे आहेत असे वाचणारा समजत होता. लॅम्डा स्कूलविषयीच्या आदेशातही असेच आढळते. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के, तर संस्थेच्या अंतर्गत मोजणीत सुमारे ५० टक्के आणि काही वेळा ३० टक्क्यांपर्यंत खाली.

दोन पक्षांनी मिळून ठरवावा तो संकेत, असे आरंभी म्हटले होते. येथे एका पक्षाने अर्थ ठरविला आणि दुसऱ्याने रूढ अर्थ धरून पैसे भरले. 'नोकरी लागली' हे शब्द घरी ऐकविले की आईबापांच्या मनात जो अर्थ उभा राहतो, तो ह्या आकड्यात नव्हता.

२०२२ नंतर परिस्थिती आणखी बदलली. व्याजाचे दर चढले, मोठ्या संगणक कंपन्यांनी माणसे कमी केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी प्रसिद्ध झाल्यानंतर आज्ञावलीचा प्राथमिक भाग यंत्रेच लिहू लागली. संकेतशाळांतून बाहेर पडणारा मनुष्य ज्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवीत असे, तीच अरुंद झाली. २०१९ मध्ये ७५ कोटी डॉलरांस ट्रिलॉजी ही संकेतशाळांची कंपनी विकत घेणाऱ्या 'टू-यू' ह्या संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये असे वर्ग गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला.

८. आपल्याकडील स्थिती

महाराष्ट्रातही ह्या प्रकारचा एक जुना व प्रतिष्ठित उपक्रम आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या सरकारी संस्थेने १९९३ मध्ये प्रगत संगणन प्रशिक्षणशाळा काढिली. तिचा प्रगत संगणनाचा पदव्युत्तर पदविकावर्ग चोवीस आठवड्यांचा, सुमारे ९०० तासांचा आहे. प्रवेश परीक्षेने मिळतो, तो प्रामुख्याने अभियांत्रिकी व विज्ञान शाखांच्या पदवीधरांस. यंत्र वा स्थापत्य अभियांत्रिकीचे अनेक पदवीधर ह्या मार्गाने संगणकाच्या व्यवसायात शिरले. येथेही काम देणारे निराळ्या घरचेच असतात. तथापि प्रवेशाची चाळणी कठोर आहे आणि वर्गाअखेर कंपन्यांस बोलावून निवड करण्याची व्यवस्था आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्यास मात्र हे दार सहसा उघडे नसते. तो वळतो ते खासगी वर्गांकडे. पुण्यातील रस्तोरस्ती त्यांच्या पाट्या दिसतात. त्यांतील काही प्रामाणिक आहेत, हे प्रस्तुत लेखकास ठाऊक आहे. पण पाटीवरील टक्केवारीच्या पोटातील तीन शब्दांचा खुलासा क्वचितच कोठे आढळतो.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढण्यास प्रत्यवाय नसावा. अल्पावधीत मनुष्य नवी विद्या व्यवसायापुरती आत्मसात करू शकतो. बेडफर्ड, पुणे आणि लंडन येथील उदाहरणे त्यास साक्षी आहेत. मात्र ह्या सर्व ठिकाणी शिकणाऱ्याची वाट पाहणारे कोणीतरी दाराशी उभे होते आणि अपयशाचा भार एकट्या शिकणाऱ्यावर नव्हता. जेथे हा भार सर्वस्वी त्याच्यावर पडला, तेथे तीच पद्धती, तेवढेच कष्ट आणि तशीच हुशार माणसे असूनही परिणाम बाजाराच्या चढउतारावर अवलंबून राहिला.

त्या विद्यार्थिनीस शेवटी एवढेच सांगितले की, आकडा खरा की खोटा हे विचारू नये, तो कशाचा आहे हे विचारावे. किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांस पूर्णवेळ काम मिळाले, किती महिन्यांत मिळाले आणि काम न मिळाल्यास शुल्काचे काय, हे चार प्रश्न तिने त्या संस्थेस लेखी पाठविले. दूरध्वनी पुष्कळ आले, लेखी उत्तर आले नाही. ती पदवी पुरी करीत आहे आणि सायंकाळी आज्ञावलीचे शिक्षणही घेत आहे. पुढे ती कोणता व्यवसाय पत्करील, हे तिने ठरवावयाचे आहे.

परंतु हाच प्रश्न उलटून आपल्याकडेही येतो. आपल्या विभागाच्या माहितीपत्रकात भाषाशास्त्राच्या पदवीधरांस अध्यापन, कोशरचना, भाषांतर, संगणकीय भाषाशास्त्र अशी अनेक क्षेत्रे खुली असल्याचे आपण वर्षानुवर्षे छापीत आलो आहो. त्या क्षेत्रांत आपले किती विद्यार्थी गेले, हे आपण कधी मोजलेले नाही. आकडा न छापणे हे खोटा आकडा छापण्याहून बरे, एवढेच समाधान आपणांस घेता येईल. गेल्या दहा वर्षांतील आपल्या सर्व विद्यार्थ्यांची, पदवी अर्धवट सोडून गेलेल्यांसह, नोंद विभागाने करावी आणि कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ धरिला ते शेजारी छापावे, अशी सूचना प्रस्तुत लेखक विभागाच्या पुढील सभेत मांडणार आहे.